सुन-एची डावी बाजू

सुन-ए बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही, खांद्याकडे बघायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुर्त्याची शिवण उसवली आहे की काय. मी बोलता बोलता दोनदा चाचपून पाहिलं. मग ठरवलं की बिचारी लाजाळू असेल. कोरियाच्या राष्ट्रीय संघातून नऊ वर्षं व्हॉलीबॉल खेळलेली, परक्या देशांत हजारो लोकांच्या आरडाओरड्यात उभी राहिलेली बाई लाजाळू कसली असणार, हे माझ्या टाळक्यात शिरायला आठवडा गेला.

तो उलगडा झाला सिंगापूरच्या मेट्रोत, MRT मध्ये. गाडीत शिरलो की ती डब्यावरून एक नजर फिरवायची आणि एखाद्या बसलेल्या माणसासमोर जाऊन उभी राहायची. "हा उठणार," म्हणायची. पुढच्या स्टेशनला तो माणूस खरंच उठायचा. एकदा तिला खोटं पाडायचं म्हणून मी दुसऱ्याच माणसासमोर उभी राहिले आणि माझं स्टेशन, आंग मो किओ, येईपर्यंत तशीच ताटकळले. ती दुसऱ्या स्टेशनला बसली होती आणि माझी पिशवी तिच्या मांडीवर होती. हे तुला कसं कळतं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "चेंडू खोटं बोलतो. खांदा नाही बोलत."

आमच्या बोलण्याची भाषा इंग्रजी. तिचं इंग्रजी म्हणजे नाम तेवढं पक्कं आणि क्रियापद आलं तर आलं, पण तिचं काही अडायचं नाही. ती लिबेरो होती. संघातली ही एकच खेळाडू वेगळ्या रंगाचा शर्ट घालते, जाळीजवळ उडी मारून चेंडू हाणत नाही, फक्त मागे राहून पडणारा चेंडू उचलते. मागच्या डाव्या कोपऱ्यात तिची जागा. नऊ वर्षांत टाळ्यांचे गुण सगळे दुसऱ्यांचे. याचं वाईट नाही का वाटत, असं मी एकदा विचारलं. "पॉइंट त्यांचे," ती म्हणाली, "फरशी माझी."

मी तेव्हा, म्हणजे २०१४-१५च्या सुमाराला, तिथल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करत होते. आमच्या लॅबमध्ये माणसाची हालचाल आणि प्रतिसादाचा वेग मोजायचं काम चाले. सुन-ए तिच्या संघाच्या पाच आठवडे आधी सिंगापूरला आली होती. मायदेशात सामना चालू असताना एक जोरकस चेंडू तिच्या डाव्या कानशिलावर बसला होता. तिथल्या डॉक्टरांनी तेव्हा ठीक आहे म्हटलं होतं, तरी संघाच्या प्रशिक्षकांना तिचा प्रतिसाद मोजलेला कागद हवा होता. सिंगापूरला होणाऱ्या आशियाई स्पर्धेतून जिंकणारा संघ पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. सुन-ए तिच्या मोजणीने चौतीस वर्षांची होती आणि पासपोर्टच्या मोजणीने बत्तीस, कारण त्यांच्याकडे मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि एक जानेवारीला सगळ्यांचंच वय एकाने वाढवतात. कुठल्याही मोजणीने ही तिची शेवटची संधी होती.

वय तिने पहिल्याच भेटीत विचारलं. माझं एकोणतीस ऐकून तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, कारण आता कोण मोठं आणि कोण धाकटं ते ठरलं होतं. मोठ्या बहिणीला कोरियन भाषेत ऑन्नी म्हणतात, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, आमच्यात ताई म्हणतात. तिला ताई आवडलं. त्यानंतर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त खाण्याच्या स्टॉलांवर, ट्रे उचलायचा तो मी, पाणी आणायचं ते मी, आणि पहिला घास घ्यायचा तो तिने. रस्त्याने चालताना मी तिच्या डाव्या हाताला आले की ती थांबायची, माझ्या दंडाला धरून मला उजवीकडे न्यायची. "धाकट्याने उजवीकडे," म्हणायची. "कोरियाची रीत." असेल बाबा, म्हणून मी कानाला खडा लावला. आपल्याकडे नाही का, कुणाच्या पाया आधी पडायचं यावर लग्नघरात रुसवेफुगवे होतात.

तिची चाचणी मीच घेतली. अर्धवर्तुळात वीस बारीक दिवे, मधे हनुवटी टेकवायची पट्टी. दिवा लागला की समोरचं बटण दाबायचं, की यंत्र टुक करतं आणि लागलेला वेळ नोंदवतं. दिवे आपोआप लावणारा भाग तेव्हा दुरुस्तीला गेला होता. मी म्हटलं, त्यात काय, हाताने लावू. स्विचची पाटी मांडीवर घेऊन मी तिच्या समोर बसले आणि मनाला येईल तसा कुठलाही दिवा लावत गेले. सुन-एचे आकडे बघून मी चाटच पडले. डावीकडचे दिवे तर तिने उजवीकडच्यांपेक्षाही लवकर पकडले होते. मी मोठ्या कौतुकाने अहवाल लिहिला, खाली झोकात सही ठोकली आणि प्रोफेसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

संघ आला. त्यांचा सराव आमच्याच विद्यापीठाच्या हॉलमध्ये होता, म्हणून मी बघायला गेले. प्रशिक्षक काटकुळे, पन्नाशीचे. ते ओरडत नसत, नुसते हात मागे बांधून उभे राहत, आणि त्यानेच पोरी दुप्पट जोराने पळायच्या. सुन-ए फरशीवर अक्षरशः आडवी-तिडवी पडत होती. "पडायचं आधी ठरव, मग पळ," असं ती संघातल्या सगळ्यात धाकट्या मुलीला सांगायची. ही एकोणीस वर्षांची पोर राखीव लिबेरो होती आणि सुन-एच्या मागे बाटली घेऊन पळायची. तेवढ्यात एक चेंडू डावीकडच्या रेषेलगत पडला. सुन-ए हललीसुद्धा नाही. "आउट," म्हणाली. मी त्याच बाजूच्या बाकावर होते. चेंडू चांगला वीतभर आत पडला होता. त्या धाकटीनेही ते पाहिलं, तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्यांच्यात धाकट्यांनी मोठ्यांना खोडायचं नसतं. बाकीच्याही मुली गप्प राहिल्या, आणि मीही मनाशी म्हटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं.

स्पर्धेआधीच्या रविवारी संघाला सुट्टी होती. सुन-ए म्हणाली, फरशी सोडून काहीतरी दाखव. मी तिला पुलाउ उबीन बेटावर नेलं. बमबोटीतून, म्हणजे तिथल्या लाकडी मोटरहोडीतून, उतरलो, भाड्याच्या सायकली घेतल्या. ती पुढे, मी मागे. जुन्या घरांपलीकडे डावीकडून एक पायवाट रस्त्याला येऊन मिळते. त्या वाटेने एक मलय आजोबा सायकलवर शहाळी लादून सावकाश येत होते. ते मला चांगले दिसत होते. भर दुपारचं लख्ख ऊन होतं, आडोसा म्हणून काही नव्हता. सुन-ए वेग कमी करील म्हणून मी वाट बघितली. तिने केला नाही. ती सरळ त्यांच्या अंगावर गेली.

पडण्यात ती वाकबगार, खांद्यावर गोळा होऊन उठलीसुद्धा. आजोबांनाही लागलं नव्हतं. शहाळी घरंगळली होती ती आम्ही गोळा करून दिली. मी दहादा सॉरी म्हटलं. आजोबा रागावले नाहीत, पण सुन-एकडे जरा निरखून बघत त्यांनी सहज विचारलं, "यू ब्लाइंड, इज इट?" सुन-ए वाकून सायकल उभी करायला लागली. मी तिच्याकडे पाहिलं, आणि सरावात रेषेच्या आत पडलेला तो चेंडू मला आठवला.

परतायच्या धक्क्यावर आलो. बारा माणसं जमल्याशिवाय बमबोट सुटत नाही आणि आम्ही धरून पाचच होतो. ती बाकावर बसली. मी पहिल्यांदाच तिच्या डाव्या हाताला जाऊन बसले. ती पूर्ण मान वळवून माझ्याकडे बघायला लागली.

"ताई, ती उजवीकडे चालायची रीत. खरंच आहे तुमच्यात?"

"नाही."

"कधीपासून दिसत नाही?"

तिने तळहात डाव्या डोळ्याच्या कडेला उभा धरला. "पडदा. आधी बारीक होता. आता इथपर्यंत." आणि हात तिने नाकाच्या दिशेने दोन बोटं आत सरकवला.

"मग माझ्या चाचणीत?"

ती माझ्या खांद्याकडे बघून बारीकसं हसली. "तू दिवा लावतेस, आधी खांदा हलतो. तुझा उजवा खांदा, म्हणजे माझा डावा दिवा. दिवा नाही बघितला. तुला बघितलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा राग आला, आणि तिच्याहून दुप्पट माझाच. लिबेरोसमोर खांदे उघडे टाकून बसले होते मी, आणि वर सही ठोकली होती. मी तिला जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा, दृष्टिपटल, सुटत आलेलं असणार. आणखी एक चेंडू बसला तर डोळा जाईल, कायमचा. तिला ते ठाऊक होतं. कोरियन भाषेत फोनवर शोधून तिने सगळं वाचून ठेवलं होतं.

"दोन मॅच," ती म्हणाली. "मग ऑपरेशन. धाकटी अजून घाबरते, तिचे हात थरथरतात. नऊ वर्षं, जयू. फक्त दोन मॅच." मग तिने शेवटचं अस्त्र काढलं. "मी मोठी. धाकटीने ऐकायचं."

"आमच्यात धाकट्या उलट बोलतात," मी म्हटलं. "उद्या सकाळी आठला लॅबमध्ये ये. मी पडद्यामागे बसून दिवे लावणार. दिसले, तर मी आयुष्यभर गप्प. नाही आलीस, तर नऊ वाजता मी तुझ्या प्रशिक्षकांसमोर उभी असेन."

बमबोटीत ती माझ्यापासून लांब बसली. घरी येऊन मी देवासमोर हात जोडले, आणि काय मागायचं तेच सुचेना. ती न येवो, म्हणजे निदान तिच्यावर चिडता तरी येईल, असंही मनात येऊन गेलं.

ती आठला पाच कमी असताना आली. मी घरून माझी निळी चादर आणली होती, ती दोन स्टँडांना बांधून मधे टांगली. चादरीच्या अलीकडे मी आणि स्विच, पलीकडे ती आणि दिवे. मी उजवीकडचा दिवा लावला. टुक. पुन्हा उजवीकडचा. टुक. मग डावीकडचा लावला आणि थांबले. एसीचा आवाज ऐकू येत होता. दुसरा लावला. तिसरा. तिला हवं असतं तर अंदाजाने बटण दाबत राहता आलं असतं, दहातले चार-पाच तरी लागले असते आणि मी गोंधळले असते. तिने एकदाही खोटं बटण दाबलं नाही. दिवा लावायचा, मनात आकडे मोजायचे, आणि बहुतेक वेळा काहीच ऐकू यायचं नाही. सातव्या दिव्याला मी चादरीआड रडत होते. इतका भयंकर सकाळचा अर्धा तास मी त्याआधी काढला नव्हता.

"किती?" पलीकडून तिने विचारलं.

"डावीकडचे दहा लावले. तुला तीन दिसले."

"तीन," ती म्हणाली. मग उठली, स्टँडची गाठ सोडली, चादरीची नीट चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "चल, जाऊ कोचकडे."

प्रोफेसरांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. प्रशिक्षकांना मी सांगितलं की पहिला अहवाल चुकला, चूक माझ्या पद्धतीची आहे, आणि हिला आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. त्यांनी सुन-एला कोरियनमध्ये एकच प्रश्न विचारला. तिने मान खाली घातली. मला वाटलं, आता हे माझ्यावर बरसणार. ते माझ्यासमोर आले आणि कमरेत वाकून नमस्कार करून उभे राहिले, कितीतरी वेळ. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मधली नजर थोडक्यात वाचली, कडेचं किती परत येईल सांगता येत नाही. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. दृष्टिपटल जागेवर बसावं म्हणून दिवस-रात्र तोंड खाली करून राहायचं, आणि बुडबुडा विरेपर्यंत विमानात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे संघ परत गेला तरी ही महिनाभर सिंगापुरातच. माझी फ्लॅटमेट भारतात गेली होती. मी सुन-एला आंग मो किओला माझ्याकडे आणली. भोकाची उशी आणली, तिच्यात तोंड घालून ती पालथी पडून राहायची. मी मुगाची खिचडी करायची, ती निमूट खायची. माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. शब्द सोडाच, आता तिला माझा खांदाही दिसत नव्हता.

दोनांतला पहिला सामना संघाने जिंकला होता. शनिवारी संध्याकाळी शेवटचा होता, जिंकतील ते पुढे जाणार होते. आमच्यापासून बसने पाऊण तासावरच्या स्टेडियममध्ये, आणि आम्ही घरात. मी लॅपटॉप आणला, म्हटलं खाली फरशीवर ठेवते, उजव्या डोळ्याने बघ. ती नको म्हणाली. तीन दिवसांतला तो पहिला शब्द. थोड्या वेळाने उशीतून आवाज आला, "तू बघ. सांग."

मला व्हॉलीबॉलमधलं शष्प कळत नव्हतं. पण खांदे आता कळत होते. सर्व्हिस करणारीचा कुठला खांदा पुढे आहे ते मी सांगायची, आणि चेंडू जाळीवरून येण्याआधी ही फरशीकडे तोंड करून सांगायची की तो कुठे पडणार. एकदाही चुकली नाही. पहिल्या सेटमध्ये धाकटीचे हात खरंच थरथरत होते; चेंडू तिच्या मनगटांवरून कुठेही उडत होते. तो सेट गेला. दुसऱ्यात ती सावरली, तो जिंकला. तिसराही कोरियाने घेतला. चौथा गेला. पाचवा सेट पंधरा गुणांचा असतो. चौदा-तेरा झाले, समोरच्यांचे चौदा. सुन-एच्या हाताची मूठ गादीच्या कडेला आवळलेली होती.

"समोरची उडी मारतेय," मी म्हटलं.

"खांदा?"

"आत वळलेला. नाही, उघडतोय."

"लाइनवर. डावीकडे. पड," ती त्या पोरीला म्हणाली, सात-आठ मैलांवरच्या. "पड आता."

धाकटीने अंग झोकून दिलं. तिची बोटं चेंडूला लागली, चेंडू उडाला आणि बाकांवर जाऊन पडला. संपलं. समोरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"पोचली होती?" सुन-एने विचारलं.

"पोचली होती. बोटं लागली."

तिने मुठीतली गादी सोडली. मग फरशीलाच सांगावं तशी हळूच म्हणाली, "मला तो दिसलाच नसता, जयू. मी आउट म्हटलं असतं. आणि कुणी काही बोललं नसतं." तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर रडलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, ती सकाळची खिचडी उरली असेल तर आण, आणि मीठ घाल त्यात, तीन दिवस अळणी खातेय मी. तीन दिवसांत मला हे सांगावंसं वाटलं नाही का, म्हणून मी तिला झापलं.

पुढचे आठवडे बरे गेले. ती डोळ्याला कवच लावून माझ्या स्वयंपाकघरात माझ्या चुका काढायची. धाकटीचा फोन रोज यायचा. सुन-ए तिला तासतासभर काहीतरी समजवायची, आणि त्यात खांदा या अर्थाचा त्यांचा शब्द मला दहादा तरी ऐकू यायचा. डोळ्याची मधली नजर परत आली. कडेची आली नाही. ती पुन्हा कधी खेळली नाही. आता ती एका शाळेत मुलींना शिकवते, आणि चेंडू आत पडलेला दिसला तर मोठ्यांसमोरही बोलायचं, हा तिथला पहिला नियम आहे असं तिने मला कळवलं आहे.

बुडबुडा विरला, डॉक्टरांनी परवानगी दिली, तिकीट झालं. मी तिची बॅग घेतली आणि ब्लॉकखाली येऊन सवयीने तिच्या उजव्या हाताला चालायला लागले. पाच-सहा पावलांवर ती थांबली. माझ्या दंडाला धरून तिने मला मागून फिरवलं आणि डावीकडे आणून उभं केलं.

"उजवीकडचं मला दिसतं," ती म्हणाली. "डावीकडे लिबेरो लागते."

स्टेशनपर्यंत मी तिच्या डाव्या बाजूने चालत गेले. रस्ता ओलांडताना तिने त्या बाजूला एकदाही मान वळवून पाहिलं नाही.